कार्ड पाठविण्याआधी

मंडळी, छावणीचा गुरुवारचा बाजार तुम्हांला ठाऊकच आहे. दौलताबाद, माळीवाडा, मिटमिटा, पडेगाव, सगळीकडून माणसे येतात. कोणी शेळी आणतो, कोणी बोकड, कोणी भाजीचे गाठोडे. दुपारी तर पाय ठेवायला जागा नसते. जवळच लष्कराचा तळ आहे. म्हणून तर या भागाला छावणी म्हणतात. इथे वर्दीतला जवान दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. कोणी त्याला भिऊन वागत नाही, की त्याच्यावर संशय घेत नाही.

या धड्यातली हकीकत याच बाजारातली आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. वय साठीच्या घरात. कांदे-बटाटे विकतात. वर्गात आल्या तेव्हा त्यांना अ का ब कळत नव्हता. पण जिद्द मोठी. आठ महिन्यांत सही शिकल्या. बँकेत जाऊन पहिल्यांदा सही केली, त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले. बँकेतल्या बाईंनी सवयीने शाईची डबी पुढे सरकवली होती. मावशींनी ती मागे सरकवली. हे त्यांनी आम्हांला तीन वेळा सांगितले, आणि आम्ही तिन्ही वेळा ऐकले.

तर गेल्या पावसाळ्यात काय झाले, मावशींना एक फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. “माताजी, मैं फौज से बोल रहा हूँ,” म्हणाला. मेसला तीन पोती कांदे आणि दोन पोती बटाटे पाहिजेत. भाव मावशी सांगतील तो. घासाघीस नाही. मावशींना आनंद झाला. एका बाजाराचा माल एका फोनवर विकला जात होता.

मावशी तशा भोळ्या नाहीत. त्यांनी विचारले, “बाबा, तू कोण, कुठला? मला कसं कळावं?” त्यावर त्या माणसाने लगेच एक फोटो पाठवला. मावशींच्या नातवाच्या फोनवर तो आला. लष्कराचे ओळखपत्र होते ते. वर जवानाचा फोटो, वर्दी, टोपी, नाव, नंबर. पाठोपाठ त्याच जवानाचे आधार कार्डही आले. आता आणखी काय पाहिजे? मावशींचा विश्वास बसला.

मग तो म्हणाला, “माल आत आणायचा तर गेट पास काढावा लागेल. तुमच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. पैसे खात्यात टाकायचे आहेत, तेव्हा पासबुकाच्या पहिल्या पानाचाही पाठवा. जल्दी भेजिए, साहब बैठे हैं.”

लष्कराच्या फाटकातून आत जायला पास लागतो हे छावणीत लहान पोरालाही माहीत आहे. मागणी अगदी खरी वाटली. नातवाने फोटो काढले, पाठवले. सगळे दोन मिनिटांत झाले.

पुढे त्या माणसाने काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन पाठवला. “हा फोनने टिपा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.” इथे मात्र नातू हुशार निघाला. तो म्हणाला, “आजी, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.” त्याने फोन बंद केला. पुन्हा आला तो उचलला नाही. एक रुपयाही गेला नाही.

घरातल्यांना वाटले, चला, सुटलो. मावशींनाही तसेच वाटले. नातवाची पाठ थोपटली गेली, आणि ती थोपटण्यासारखीच होती. पण कार्डाचे फोटो गेले ते गेलेच. त्याची आठवण कोणाला झाली नाही. पैसे गेले असते तर घरात आकांत झाला असता. कार्ड तर घरातच डब्यात होते. मग गेले काय?

दोन-अडीच महिन्यांनी वर्गात आम्ही फोनचा विषय काढला, तेव्हा मावशींनी ही गोष्ट हसत हसत सांगितली. आमच्यातल्या एकाने विचारले, “मावशी, तुमच्या नावावर किती सिम आहेत?” मावशी म्हणाल्या, “दोन. एक माझं, एक नातवाला घेतलेलं.”

केंद्र सरकारने २०२३ साली ‘संचार साथी’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. आपला नंबर तिथे टाकला की आपल्याला एक ओटीपी येतो. तो भरला की आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसते. आम्ही तिथल्या तिथे पाहिले. मावशींच्या नावावर तीन नंबर होते.

तिसरा कोणाचा?

वर्गात कोणी काही बोलेना. मावशींनी सुनेला विचारले, लेकाला फोन लावला. कोणाचाच नव्हता तो. सिम घेताना मावशींचे कार्ड दाखवलेले, आणि बोलणारा भलताच कोणी. आम्ही असे म्हणत नाही की ते सिम त्याच फौजी म्हणविणाऱ्याने काढले. ते कळायला मार्ग नाही. मावशींनी आयुष्यात कार्डाच्या झेरॉक्स कुठे कुठे दिल्या, त्याचा हिशेब त्यांच्याजवळही नाही. पण त्या नंबरावरून उद्या कोणाला फसवले, कोणाला धमकी दिली, तर पोलीस नंबर कोणाच्या नावावर आहे ते पाहणार. आणि मावशींच्या दारात येणार.

त्याच संकेतस्थळावर ‘हा नंबर माझा नाही’ असे कळविण्याची सोय आहे. मावशींनी स्वतःच्या बोटाने ते दाबले. काही दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा तो नंबर यादीत नव्हता.

आता जरा त्या जवानाकडे वळू. त्याच्या कार्डाचा फोटो मावशींनी पाहिला. नाव पाहिले, चेहरा पाहिला. तो चेहरा खोटा नसावा. देशात असे प्रकार कितीतरी घडले आहेत. ठग लष्करातला म्हणून बोलतो, आणि पुरावा म्हणून कोणा खऱ्या जवानाच्या ओळखपत्राचा फोटो दाखवतो. मग तो जवान कोण? कुठल्या तरी गावचा, कोणाचा तरी मुलगा. त्यानेही कधी तरी काही कामासाठी आपल्या कार्डाचा फोटो कोणाला तरी पाठवला असेल. जुनी गाडी विकताना असेल, घर भाड्याने घेताना असेल. तो फोटो हिंडत हिंडत चोरांच्या हाती पडला. आता त्याच्या तोंडावर, त्याच्या वर्दीवर लोकांचा विश्वास बसतो आणि लोक बुडतात. त्याला पत्ताही नसेल.

आणि मावशींचे कार्ड? ते आज कोणाच्या फोनवर आहे? दुसऱ्या कुठल्या बाजारात, दुसऱ्या कोणा बाईला ते दाखवून कोणी म्हणत असेल, “बघा, मी कांद्याची व्यापारी आहे, हे माझे कार्ड. आगाऊ पैसे पाठवा, माल उद्या निघतो.” त्या बाईचाही विश्वास बसेल. मावशींचा चेहरा आहेच तसा, विश्वास बसावा असा.

हे ऐकून मावशी जेवढ्या अस्वस्थ झाल्या, तेवढ्या त्या तिसऱ्या सिमने झाल्या नव्हत्या. “म्हंजे माझ्या नावानं कुणी दुसरीला लुबाडायचं?” असे म्हणून त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, नाही तर उगाच घाबरायला होते. आधारचे बारा आकडे कोणाला कळले म्हणून तेवढ्यावर तो तुमच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही. त्याला ओटीपी लागतो, नाही तर तुमचा अंगठा लागतो. सरकारही हेच सांगते, आणि ते खरे आहे. पण कार्डावर नुसते आकडे असतात का? तुमचे नाव असते, फोटो असतो, जन्मतारीख किंवा जन्माचे साल असते, नवऱ्याचे किंवा बापाचे नाव असते, गाव, तालुका, पिनकोड असतो. पासबुकावर खात्याचा नंबर असतो, शाखेचे नाव असते. हे सगळे ज्याच्याजवळ आहे तो माणूस फोन करून म्हणतो, “तुम्ही अमक्या तमक्या ना? माळीवाड्याच्या? तुमचे खाते अमक्या शाखेत आहे ना? ते बंद पडणार आहे. एक नंबर येईल तो सांगा.” एवढी माहिती असणारा माणूस बँकेचाच असणार असे आपल्याला वाटते. आणि आपण ओटीपी सांगून मोकळे होतो. कुलूप मजबूत होते, पण किल्ली आपणच दिली.

दुसरे असे की, सिम विकणारा, खाते उघडून देणारा, अर्ज भरून देणारा, यांतला एखादा जरी लबाड निघाला तर नियम कितीही कडक असले तरी कागद त्याच्या हातात असतात.

मालेगावची गोष्ट सांगतो. मालेगावलाही छावणी नावाचा भाग आहे, आणि तिथल्या छावणी पोलीस ठाण्यात २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एक गुन्हा नोंदला गेला. काही बेकार तरुण पोरे होती. बाजार समितीत नोकरी लावून देतो असे सांगून त्यांची आधार कार्डे, पॅन कार्डे घेतली गेली, असे तक्रारीत होते. नोकरी लागायची तर कागद द्यावेच लागतात. पोरांनी दिले. त्यांच्या नावावर एका सहकारी बँकेत खाती उघडली गेली. आणि त्या डझनभर खात्यांतून शंभर कोटी रुपयांहून जास्त रक्कम फिरली. ज्याच्या खिशात बसच्या भाड्याला पैसे नाहीत, त्याच्या खात्यात कोटींचे आकडे! पुढे सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे पैशाच्या मोठ्या गैरव्यवहारांचा तपास करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याने, या प्रकरणात महाराष्ट्रात आणि गुजरातेत छापे घातले. त्या पोरांना नोकरी तर मिळालीच नाही. उलट चौकशी मागे लागली.

आपल्या मराठवाड्यातलेही उदाहरण आहे. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना निघाली. बायांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले. तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात काय उघडकीला आले? एका सेवा केंद्राच्या चालकाने गावातल्या पुरुषांची आधार कार्डे आणि पासबुके घेतली, आणि त्यांच्या कागदांवर बहिणीच्या योजनेचे अर्ज भरले, असा आरोप झाला. पुरुषांच्या खात्यात बायांचे पैसे आले. ते दुसऱ्याच कसल्या योजनेचे आहेत असे सांगून काढूनही घेतले गेले, असे पुढे आले. आता सांगा, सरकारच्या दप्तरात नाव कोणाचे लागले? ज्याचे कार्ड, त्याचे.

जुनी माणसे हे ऐकून मान डोलावतील. त्यांना हा प्रकार नवा नाही. निजामाच्या राज्यात, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, मराठवाड्यातला कुणबी सावकाराच्या ओट्यावर बसून कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा. वर मजकूर मागाहून लिहिला जायचा. शंभराचे पाचशे व्हायचे. उधारीच्या कागदाचे जमिनीचे खरेदीखत व्हायचे. अंगठा खरा, मजकूर खोटा. कचेरीत गेले तर साहेब विचारणार, “अंगठा तुझाच ना?” होय म्हणावेच लागायचे.

कार्डाचा नुसता फोटो पाठवणे हे तसेच आहे. कार्ड खरे, चेहरा खरा. ते कशासाठी दिले, कोणाला दिले, कधी दिले, हे त्यावर काहीच लिहिलेले नाही. कागद कोराच आहे. ज्याच्या हाती पडेल तो आपल्याला हवा तो मजकूर भरील.

आणि एक फरक मोठा आहे. सावकाराजवळ कागद एकच असायचा. तो फाडला की संपले. फोटोचे तसे नसते. तुम्ही एक फोटो पाठवला की तो तुमच्या फोनात राहतो, घेणाऱ्याच्या फोनात जातो, त्याने पुढे दहा जणांना पाठवला की दहा ठिकाणी जातो. कोणत्याही एका ठिकाणचा पुसला तरी बाकीचे राहतातच.

तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला अनोळखी माणसाला पाठवू? पण झेरॉक्सच्या दुकानात काय होते ते आठवा. पूर्वी कार्ड घेऊन जात होतो. आता दुकानदार म्हणतो, “व्हॉट्सअॅपवर टाका, प्रिंट काढून देतो.” भिंतीवर नंबर लिहिलेला असतो. आपण टाकतो. आपल्यामागचा टाकतो. त्याच्यामागचा टाकतो. संध्याकाळी त्या एका फोनात दीडशे-दोनशे माणसांची कार्डे गोळा झालेली असतात. दुकानदार बिचारा सरळ असेल. बहुतेक असतातच. पण तो फोन हरवला तर? त्याने तो विकला तर? दुकानातले पोरगे काम सोडून गेले आणि जाताना फोन उघडा होता तर? पाच रुपयांच्या छपाईसाठी आपण आपले सगळे घर तिथे ठेवून येतो आणि मागे वळूनही पाहत नाही.

तेव्हा दुकानात शक्यतो कार्डच घेऊन जावे. फोटो पाठवावाच लागला तर प्रिंट हातात आल्यावर तिथेच उभे राहून तो पुसावा. व्हॉट्सअॅपवर ‘सर्वांसाठी हटवा’ म्हणून सोय असते. ती लगेच वापरली तर दोन्हीकडचा संदेश जातो. फार दिवस गेले तर ती चालत नाही. संगणकात उतरवून घेतला असेल तर दुकानदाराला म्हणावे, “भाऊ, माझा फोटो पुसून टाका, मी थांबतो.” यात लाजण्यासारखे काही नाही. दूध मापात कमी आले तर आपण बोलतोच ना?

आता आपल्या वर्गाचे काम. तुम्ही लिहायला शिकला आहात. ते इथे कामाला येते.

कार्डाची झेरॉक्स द्यायची वेळ आली की तिच्यावर पेनाने असे लिहा:

ही प्रत फक्त गॅस जोडणीसाठी दिली आहे.

खाली तारीख लिहा. सही करा. गॅसच्या जागी जे काम असेल ते लिहा. शाळेसाठी असेल तर शाळा, पीक कर्जासाठी असेल तर पीक कर्ज आणि बँकेचे नाव. एवढी एक ओळ लिहिली की कागद कोरा राहत नाही. गॅससाठी दिलेल्या कागदावर सिम काढायला गेलेल्या माणसाला जरा अडचण पडते.

पण ही ओळ लिहायची कुठे, यातही गंमत आहे. आमच्या वर्गातल्या एका काकांनी ती सुबक अक्षरात अगदी खालच्या कडेला लिहिली. आम्ही कात्री घेतली आणि तेवढी पट्टी कापून दाखवली. कागद पुन्हा कोरा! काका रागावलेच. म्हणून ओळ तिरपी, छापलेल्या मजकुरावरून जाईल अशी लिहावी. चेहरा आणि नाव मात्र दिसू द्यावे, नाही तर कचेरीत कागद परत देतील.

फोनवर पाठवायचे असेल तेव्हाही हीच युक्ती. मूळ कार्डाचा फोटो काढू नका. झेरॉक्स काढा, तिच्यावर ओळ लिहा, सही करा, आणि त्या झेरॉक्सचा फोटो पाठवा. म्हणजे फोटो जिथे जिथे जाईल तिथे तुमची ओळही जाईल.

आधारचेच एक झाकलेले कार्डही मिळते. त्यात बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येते. त्यासाठी तुमचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे. ओळख पटविण्यापुरते कार्ड मागितले, समजा लॉजवर मागितले, तर हे झाकलेले कार्ड द्यावे. २०२२ सालच्या मे महिन्यात आधार खात्याच्या बेंगळुरूच्या कचेरीने सूचना काढली होती की, कोणालाही साधी झेरॉक्स देऊ नका, झाकलेलेच कार्ड द्या. लोकांत खळबळ उडाली. दोन दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली आणि नेहमीची काळजी घ्या म्हणजे झाले, असे सांगितले. आम्हांला विचाराल तर पहिली सूचनाच बरी होती. नेहमीची काळजी म्हणजे काय, हे माणसाला कोणी शिकवले आहे का?

आधारचा पहिला नंबर आपल्याच महाराष्ट्रात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी. ज्याच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही अशा गरिबाला ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. ओळख मिळाली हे चांगलेच झाले. पण पुढे जिथे तिथे तेच कार्ड मागायची सवय लागली. सिम घ्या, आधार. खाते उघडा, आधार. शेवटी २६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, बँकेचे खाते आणि मोबाइलचे सिम यांसाठी आधारचीच सक्ती करता येणार नाही. सरकारी अनुदान घ्यायचे असेल तिथे ते लागते. पण जिथे सक्ती नाही तिथे “मतदानाचे ओळखपत्र चालेल का?” असे विचारून पाहायला हरकत नाही. विचारले तर बरेच वेळा चालते.

अंगठ्याबद्दल थोडे बोलले पाहिजे. सही आली म्हणून अंगठ्याचे काम संपले असे आपल्याला वाटते. तसे झालेले नाही. बँकमित्राच्या यंत्रावर आधार नंबर, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. म्हणजे अंगठा आता किल्ली झाला आहे. आणि अंगठ्याचे ठसे आपण कुठे दिले आहेत? जमिनीच्या खरेदीखतावर! तेलंगणात २०१८ साली पोलिसांनी एका सिम विकणाऱ्याला पकडले. त्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून लोकांची खरेदीखते उतरवून घेतली होती. त्यांवरच्या ठशांवरून रबरी ठसे बनवले, आणि ते यंत्राला लावून परक्यांच्या नावावर सिम चालू केली. म्हणून खरेदीखताचा, फेरफाराच्या कागदांचा, अंगठा असलेल्या कुठल्याही कागदाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नये. भावकीत वाद असला की लोक हमखास टाकतात. “हा बघा पुरावा” म्हणून. वाद राहतो बाजूला, आणि ठसा गावभर होतो.

या अंगठ्याला कुलूप लावता येते. आधारच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अॅपवर बोटांचे ठसे बंद करून ठेवण्याची सोय आहे. मग कोणीही तुमच्या नावाने ठसा लावला तरी यंत्र तो घेत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. रेशनच्या दुकानात अंगठा लावायच्या दिवशी ते कुलूप उघडावे लागते. आमच्यातल्या एकाने लावले आणि विसरला. रांगेत तासभर उभा राहून हात हलवत परत आला. बायकोने जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

फोन करणारा खरा की खोटा, हे कसे ओळखावे? त्याला घाई फार असते. “आत्ताच पाठवा, साहेब बसले आहेत, पाच मिनिटांत मुदत संपते.” खऱ्या कचेरीत कोणाला कधी एवढी घाई असलेली तुम्ही पाहिली आहे का? आणि मेसला कांदे पाहिजेत म्हणणारा माणूस गुरुवारी बाजारात येऊन कांदा हातात घेऊन का पाहत नाही? छावणीतली छावणीत तर यायचे! मावशींनीच हे नंतर म्हटले. “पाच पोती माल घेणारा एक कांदा फोडून बघत न्हाई, तवाच मला कळाय पायजे होतं.”

समजा फोटो गेलाच, किंवा पैसे गेले, तर घरात लपवून ठेवू नये. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करावा. हा सरकारचा नंबर आहे. जितका लवकर फोन, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त. बँकेलाही कळवावे. नुसते कार्ड गेले असेल तर आपल्या नावावरची सिम तपासावी, बँकेत जाऊन खाते पाहून यावे, आणि पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख असलेली आपल्या अर्जाची प्रत. ती घरात जपून ठेवावी. पुढे कोणी दारात आला तर ती दाखवता येते की, बाबा, आम्ही अमक्या तारखेलाच कळवले होते.

मावशींनी तसा अर्ज दिला. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. आम्ही शब्द सांगितले, अक्षरे त्यांची. दोन तास लागले. ‘ओळखपत्र’ हा शब्द तीन वेळा खोडावा लागला.

परवा त्या गॅसच्या कामासाठी झेरॉक्स काढायला गेल्या. कागद हातात आल्यावर तिथेच गल्ल्यावर ठेवून तिरपी ओळ लिहू लागल्या. मागे रांग. दुकानातला पोरगा म्हणाला, “मावशी, चांगला कागद कशाला खराब करता?” मावशी म्हणाल्या, “माझा हाय ना? मग करते मी खराब.” आणि सावकाश, काना-मात्रा सांभाळून, ओळ पुरी केली. खाली सही केली.

त्या जवानाच्या कार्डाचा फोटो अजून नातवाच्या फोनात होता. मावशींनी तो पुसू दिला नाही. पोलिसांना दाखवायचा म्हणून ठेवला होता. अर्जाबरोबर त्याची प्रत जोडली, तेव्हा कुठे त्यांनी नातवाला तो पुसायला सांगितले. पुसण्याआधी चष्मा लावून एकदा पाहिला. त्यावरचे नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून स्वतः वाचले. मग आम्हांला विचारले, “ह्या लेकराला कुणी कळिवलं आसल का?”